तान्ह्या बाळाची दिनचर्या

नियमितपणा हा गृहस्थाश्रमाचा पाया होय, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. ज्या घरात स्वयंपाकाची, पूजेची, अभ्यासाची व निजेची वेळ ठरलेली असते, त्या घरात कलह कमी व काम अधिक होते, हा सर्वांच्या अनुभवाचा विषय आहे. अशा घरात मूल जन्मास आले म्हणजे मात्र मोठी पंचाईत होते. चार दिवसांपूर्वी आलेला हा पाहुणा कोणत्याच वेळापत्रकास जुमानीत नाही. दुपारी सारे घर जागे असता तो स्वस्थ झोपतो. आणि रात्री दोन वाजता, दिवसभर राबलेल्या माणसांचा नुकताच कोठे डोळा लागलेला असतो, तेव्हा तो टाहो फोडतो. मग घरात दोन पक्ष पडतात. वडील मंडळी म्हणतात, वळण लावावयाचे ते पहिल्या दिवसापासून लावावे. मागाहून लागत नाही. तरुण आई काही बोलत नाही. ती उठते, बाळाला जवळ घेते, आणि सकाळी तिचे डोळे तेवढे सुजलेले दिसतात. ह्या दोन पक्षांत खरे कोणाचे, तान्ह्या बाळास दिनचर्या असावी की नसावी, आणि असावी तर कशी, ह्याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

दिनचर्येचा विचार करावयास आमच्या वर्धा जिल्ह्याइतके योग्य स्थान क्वचितच सापडेल. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगाव ह्या खेड्यात राहावयास आले. पुढे १९४० साली त्या खेड्याचे नाव सेवाग्राम झाले. तेथील आश्रमाचा सारा व्यवहार घंटेवर चाले. पहाटेची प्रार्थना, सफाई, सूतकताई, भोजन, सायंकाळची प्रार्थना, सर्वांच्या वेळा नेमलेल्या. आणि गांधीजींच्या कमरेस लटकणारे घड्याळ तर जगप्रसिद्धच आहे. १९४४ साली कस्तुरबांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ त्याच गावी स्त्रिया व मुले ह्यांच्यासाठी एक लहानसे रुग्णालय उभे राहिले. डॉ. सुशीला नायर ह्यांनी ते वाढविले, आणि १९६९ साली, गांधीशताब्दीच्या वर्षी, त्याच्याच जोडीला वैद्यकीय महाविद्यालयही निघाले. अशा रीतीने एकाच गावात, थोड्याशा अंतरावर, दोन जगे नांदत आहेत. एका जगात घंटा होताच माणसे उठून बसतात. दुसऱ्या जगात नुकतीच जन्मलेली बालके आहेत, व त्यांना कोणत्याही घंटेची ओळख नाही. ह्या दोहोंत विरोध दिसतो खरा. परंतु तो वरवरचा आहे. आश्रमाची घंटा ज्यांना आपल्या इच्छा आवरता येतात अशा माणसांसाठी होती. तान्ह्या बाळास इच्छा नसतात, गरजा असतात. आणि गरज आवरून धरण्याचे सामर्थ्य त्याच्या ठायी अजून आलेले नसते. तेव्हा आमचे म्हणणे इतकेच की, दिनचर्या अवश्य हवी. परंतु पहिले तीन महिने ती बाळाने पाळावयाची नसून बाळाभोवतीच्या मोठ्या माणसांनी पाळावयाची असते.

ह्याचे कारण बाळाच्या शरीरातच आहे. आईच्या उदरात नऊ महिने त्याने सूर्योदय पाहिला नाही की सूर्यास्त पाहिला नाही. आपल्या शरीरात दिवस व रात्र ह्यांचा भेद ओळखणारी जी व्यवस्था असते, ती जन्मतः अपुरी असते. अंधार पडताच झोप आणणारा रस शरीरात नियमाने स्रवू लागावयास साधारण दोन ते तीन महिने लागतात. तोपर्यंत बाळ चोवीस तासांतून चौदा ते सतरा तास झोपते हे खरे. पण ती झोप सलग नसून दोन-तीन तासांच्या तुकड्यांनी होते. दुसरे कारण पोटाचे. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी चहाचा चमचा-दीड चमचा दूध मावते. आईचे दूध पचावयास हलके, म्हणून ते लवकर जिरते व भूक पुन्हा लागते. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा बाळ अंगावर पिते, आणि त्यांतील दोन-तीन वेळा तरी रात्रीच्या असावयाच्याच. रात्री पाजल्याने आईचे दूधही चांगले टिकते. म्हणजे ज्यास आपण 'रात्रीचा त्रास' म्हणतो, ती निसर्गाची योजनाच आहे; बाळाचा हट्ट नव्हे की आईच्या लाडांचा परिणामही नव्हे.

येथे कोणी विचारील की, मग शिकलेल्या घरांतून 'दर चार तासांनी पाजावे, मध्ये रडले तरी उचलू नये' हा नियम कोठून आला? त्याचाही इतिहास आहे. न्यूझीलंडमध्ये ट्रूबी किंग नावाचे एक डॉक्टर होते. १९०७ साली त्यांच्या पुढाकाराने तेथे बालसंगोपनाची एक संस्था निघाली. अस्वच्छ बाटल्या व निकृष्ट दूध ह्यांनी मुले मरत होती, ती वाचविण्यासाठी त्यांनी स्वच्छता, मोकळी हवा व अंगावरचे दूध ह्यांचा पुरस्कार केला. हे त्यांचे कार्य मोठे होते. परंतु त्याबरोबर घड्याळाचा कडक नियमही त्यांनी घालून दिला: चार-चार तासांनी पाजणे, रात्री मुळीच न पाजणे, विनाकारण कडेवर न घेणे. इंग्रजी पुस्तकांच्या वाटेने हा विचार पुष्कळ देशांतील सुशिक्षित घरांत शिरला आणि 'शास्त्रीय संगोपन' ह्या नावाने तेथे रुजला. पुढे वैद्यकाचे मत पालटत गेले. १९४६ साली अमेरिकेत डॉ. बेंजामिन स्पॉक ह्यांचे पुस्तक निघाले. त्यांनी आईबापांना घड्याळापेक्षा बाळाकडे पाहावयास सांगितले. आज जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही हाच आहे की, बाळ मागेल तेव्हा, दिवसा व रात्रीही, त्यास पाजावे. आजीच्या तोंडी 'चार तासांचा नियम' आला तर तिला हसू नये. तिच्या तरुणपणी छापील पुस्तकांतून आलेले ज्ञानच ती सांगत असते. मात्र ते ज्ञान आता मागे पडले आहे.

आश्चर्य हे की, आपल्या प्राचीन वैद्यकात ह्या बाबतीत अधिक मृदू दृष्टी आढळते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानाच्या दहाव्या अध्यायात बालकाविषयी जे सांगितले आहे त्याचा आशय असा: त्याच्या अंगास सुख होईल अशा रीतीने त्यास धरावे, त्यास दटावू नये, ते दचकेल म्हणून झोपेतून एकदम जागे करू नये, एकदम उचलू वा एकदम खाली ठेवू नये, वेळेपूर्वी बसवू नये, आणि नित्य त्याच्या कलाने वागून त्यास प्रसन्न ठेवावे. चरकाने शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात बाळाची खोली कशी असावी ते वर्णिले आहे. ती उजेडाची असावी. हवेशीर, पण वाऱ्याचा झोत न येणारी असावी. डास, उंदीर व इतर प्राणी ह्यांपासून सुरक्षित असावी. अंथरूण-पांघरूण स्वच्छ असावे. खेळणी हलकी, आवाज करणारी, टोक नसलेली, तोंडात न जाणारी व भय न वाटेल अशी असावी. मूल रडते म्हणून त्यास राक्षसाचे वा भुताचे भय दाखवू नये, हेही तेथे स्पष्ट सांगितले आहे. 'झोप, नाहीतर बागुलबुवा येईल' असे म्हणणाऱ्यांनी हे स्थळ अवश्य वाचावे.

तथापि ग्रंथ जुना आहे एवढ्याने त्यातील प्रत्येक वाक्य आज आचरणीय ठरत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. आईला दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरते अशी समजूत असल्यामुळे पहिले काही दिवस बाळास मध व तूप चाटविण्याची चाल प्राचीन काळापासून आहे. आजचे ज्ञान ह्याच्या उलट आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांत येणारा दाट, पिवळसर चीक हेच बाळाचे पहिले संरक्षण होय. तो टाकून देऊ नये. जन्मल्यापासून एका तासाच्या आत बाळास अंगावर घ्यावे. मध तर एक वर्षाच्या आत मुळीच देऊ नये. त्यातून क्वचित एका विषारी जंतूची बाधा होते व लहान बाळास ती प्राणघातक ठरू शकते. सहाणेवर उगाळलेली बाळगुटी, डोळ्यांतील काजळ, नाकाकानांत तेलाचे थेंब, नाळेवर हळद किंवा राख, कोंडलेल्या खोलीत वेखंड-ओव्याची धुरी, हे सर्व प्रेमापोटीच केले जाते. पण त्यांपैकी एकाचीही बाळास गरज नसते आणि काहींपासून अपाय होतो. नाळ कोरडी ठेवावी, म्हणजे ती आपोआप गळून पडते. दुपट्यांस धुरी देण्याऐवजी ती स्वच्छ धुऊन उन्हात वाळवावी. आजीच्या ज्ञानाचा त्याग करा असे आमचे म्हणणे नाही. तिचा हात, तिचा आवाज आणि तिचा धीर ही खरी गुटी होय. ती मात्र भरपूर द्यावी.

आता प्रत्यक्ष दिनचर्येकडे वळू. आमची सूचना अशी की, काळ धरू नये, क्रम धरावा. 'सात वाजता दूध, आठ वाजता झोप' असे लिहून भिंतीवर लावू नये. त्याऐवजी बाळ जागे झाले की प्रथम दूध, मग खांद्यावर घेऊन ढेकर, मग लंगोट पालटणे, मग थोडा वेळ तोंडाकडे पाहून बोलणे, आणि डोळे जड होताच निजविणे, एवढा क्रम दिवसभर तोच ठेवावा. कधी तो दीड तासात पुरा होईल, कधी तीन तासांत. बाळास घड्याळ कळत नाही. पण एका गोष्टीमागून दुसरी नित्य येते हे त्यास फार लवकर कळू लागते. शाळेतही आम्ही हेच पाहतो: नव्या मुलास तास किती मिनिटांचा हे ठाऊक नसते, पण प्रार्थनेनंतर हजेरी व हजेरीनंतर धडा, एवढे समजले की ते निर्धास्त होते.

ह्या क्रमास दिवसातून तीन ठिकाणी खुंट्या माराव्या. पहिली खुंटी सकाळच्या उजेडाची. सकाळी ठरलेल्या सुमारास खिडक्या उघडाव्या, घरातले नेहमीचे बोलणे-चालणे चालू द्यावे, भांड्यांचा आवाज झाला तरी हरकत नाही. दिवसा बाळ झोपले म्हणून सारे घर अंधारे व मुके करून टाकू नये. दिवस म्हणजे उजेड व गजबज, हे त्यास हळूहळू कळावयाचे आहे. दुसरी खुंटी स्नानाची. जन्मानंतर पहिले चोवीस तास बाळास न्हाऊ घालू नये. त्यानंतर प्रकृती ठीक असल्यास कोमट पाण्याने, थोडक्यात व वारा न लागेल अशा जागी न्हाऊ घालावे. तेलाचा हात हलका असावा. नाक दाबून सरळ करणे, डोके चेपून गोल करणे, छाती पिळणे, पाय उलटेसुलटे ओढणे, हे प्रकार अंग चोळणाऱ्या बाईस आधीच नम्रपणे मना करावे. स्नानाची वेळ शक्यतो रोज एकच असावी. त्यानंतर बाळास बहुधा गाढ झोप लागते, व तीच आईच्याही विश्रांतीची वेळ ठरवावी.

तिसरी खुंटी दिवेलागणीची. सायंकाळनंतर खोलीतला उजेड मंद करावा, बोलणे हलके करावे, दूरदर्शन संच दुसऱ्या खोलीत न्यावा. रात्री पाजताना मोठा दिवा लावू नये, बाळाशी खेळू नये, आणि हातातील मोबाईलचा प्रकाश त्याच्या डोळ्यांवर पडू देऊ नये. दूध, लंगोट, पुन्हा झोप. रात्रीचा व्यवहार एवढाच. अंगाई रोज एकच म्हटली तरी चालते. किंबहुना तीच चांगली, कारण ओळखीचा सूर हीच बाळाची रात्रीची घंटा असते. निजविताना बाळास पाठीवर निजवावे, अंथरूण घट्ट असावे, मोहरीची वा कापसाची उशी ठेवू नये, तोंडाजवळ सैल पांघरूण नसावे. दुपट्यात गुंडाळावयाचे तर पाय मोकळे हलतील इतपतच. सरळ ओढून बांधल्याने खुब्याच्या सांध्यास इजा होण्याचा संभव असतो. बाळ आईच्याच खोलीत, तिच्या हाताच्या अंतरावर, पण आपल्या स्वतंत्र अंथरुणावर असावे.

आमच्या भागातील उन्हाळ्याविषयी येथे दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वी इकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर चढतो. अशा दिवसांत बाळंतिणीस बंद खोलीत ठेवून खाली शेगडी व बाळाच्या अंगावर टोपरे, झबले आणि दुपट्यांचे थर, ही चाल धोक्याची आहे. बाळास घाम येऊन ताप चढतो व तो आजार समजला जातो. कोंडलेल्या खोलीतील कोळशाचा वायू तर आई व बाळ दोघांनाही घातक. उन्हाळ्यात एक पातळ सुती झबले पुरे; कूलर लावावा, पण त्याचा झोत बाळावर येऊ देऊ नये. ह्या दिवसांत 'घसा सुकला असेल, चमचाभर पाणी द्या' असे प्रत्येक भेटीस येणारा सांगतो. पाण्याची गरज नसते. आईच्या दुधाचे शंभरातील सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी भाग पाणीच असतात. विदर्भाच्या उन्हाळ्यातही सहा महिने पुरे होईपर्यंत दुधावाचून दुसरे काही लागत नाही. पाणी आईस द्यावे, आणि बाळास अधिक वेळा अंगावर घ्यावे. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत ह्याच्या उलट: टोपरे, मोजे, आणि आईच्या अंगाची ऊब.

ह्या उबेविषयी एक मोठी गोष्ट आहे. दक्षिण अमेरिकेत कोलंबिया देशाच्या बोगोटा ह्या राजधानीत १९७८ साली डॉ. एडगर रे ह्यांच्याजवळ कमी वजनाच्या बालकांसाठी पुरेशा ऊब-पेट्या नव्हत्या. त्यांनी बालकांना आईच्या उघड्या छातीशी, वरून कापड बांधून, दिवसभर ठेवावयास लावले. कांगारू आपले पिलू पोटाच्या पिशवीत बाळगते, त्यावरून ह्या रीतीस कांगारू-संगोपन असे नाव पडले, आणि आज ती जगभर मान्य झाली आहे. कमी वजनाच्या बाळास हा उपाय डॉक्टरांच्या सल्ल्याने घरीही चालू ठेवावा लागतो. आई दमली असता बापाच्या, आजीच्या, आजोबांच्याही छातीशी बाळ असेच राहू शकते. पुरुषांनी तान्ह्या मुलास हात लावू नये असा जो एक खोटा संकोच काही घरांतून अजून दिसतो, तो आता सोडून द्यावा.

इतके करूनही बाळ रडणारच. साधारण दुसऱ्या आठवड्यापासून रडणे वाढत जाते, सहाव्या आठवड्याच्या सुमारास ते कळसास पोहोचते, आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरते. आणि बहुधा ते सायंकाळीच होते. पोट भरलेले, लंगोट कोरडा, ताप नाही, तरी बाळ तासन्तास रडते. अशा वेळी घरातील प्रत्येक जण एक-एक निदान करतो: दृष्ट लागली, पोट दुखते, आईने काही वातूळ खाल्ले, आईचे दूध पुरत नाही. ह्यांपैकी शेवटचे वाक्य सर्वांत घातक. ते दहा वेळा ऐकल्यावर आईचा स्वतःवरील विश्वास उडतो, बाटली घरात येते, बाळ अंगावर कमी पिऊ लागते, आणि मग दूध खरोखरच कमी होते. दूध पुरते की नाही ह्याची परीक्षा रडण्यावरून करावयाची नसते. त्यास दोन सोपी गमके आहेत. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर बाळ चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लंगोट ओले करीत असेल, आणि जन्मानंतर थोडे उतरलेले वजन दोन आठवड्यांच्या आत भरून येऊन पुढे वाढत असेल, तर दूध पुरत आहे असे निःशंक समजावे. घरात कोणी निवृत्त गृहस्थ असतील तर त्यांनी एक वही घालावी व तीत दूध, ओले लंगोट, शी आणि वजन ह्यांची नोंद ठेवावी. वादविवादापेक्षा नोंद बरी. मात्र रडणे थांबत नाही म्हणून कोणीही, कितीही त्रासले तरी, बाळास गदगदा हलवू नये. त्यापेक्षा त्यास सुरक्षित निजवून दुसऱ्याच्या हाती सोपवावे व स्वतः बाहेर जाऊन यावे.

आता मुख्य मुद्दा. बाळाची दिनचर्या म्हणजे वस्तुतः आईची दिनचर्या होय. आणि आईची दिनचर्या घरातील इतर माणसे ठरवितात. एकत्र कुटुंबाचे सामर्थ्य येथेच कसास लागते. घरात आठ माणसे असून बाळंतीण थकून जात असेल, तर त्या आठांचा उपयोग काय? बाळ पिऊन झाले की ते आईकडून घेण्याची पाळी ठरलेली असावी. पहाटेची पाळी आजीची, कारण वृद्धांस तशीही लवकर जाग येते; रात्री लंगोट पालटण्याची पाळी बापाची; भेटीस येणाऱ्यांना ओसरीवरच बसवून चहापाणी करण्याचे व लवकर निरोप देण्याचे काम आजोबांचे; कपडे व स्वयंपाक ह्यांची वाटणी जावा-नणंदांची. बाळास सर्वांनी हातात घ्यावे आणि आई मात्र स्वयंपाकघरात उभी, असा जो उलटा प्रकार सव्वा महिना संपताच सुरू होतो, तो बंद व्हावा. आईने करावयाचे काम एकच: पाजणे व झोपणे. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मेथी ही सर्व चांगली. पण चार तासांच्या सलग झोपेची सर कोणत्याही लाडवास येत नाही.

झोपेचा व मनाचा निकट संबंध आहे. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून पुष्कळ स्त्रियांना उगाच रडू येते, मन हळवे होते. हे काही दिवसांत जाते. परंतु दोन आठवडे उलटूनही उदासी टिकली, बाळाविषयी काहीच वाटेनासे झाले, बाळ झोपले असताही हिला झोप येईना, किंवा जीव नकोसा झाल्याचे शब्द तोंडी आले, तर तो दुर्गुण नव्हे, आजार आहे. आणि त्यास औषधोपचार आहेत. 'आम्हीही पाच मुले वाढविली' हे वाक्य त्या वेळी सासूने गिळून टाकावे व सुनेस वेळ न दवडता डॉक्टरांकडे न्यावे. जीव नकोसा झाल्याचे बोलणे ऐकू आले तर दोन आठवडेही थांबू नये, आणि तिला एकटी ठेवू नये.

हा सर्व विचार केवळ सोयीचा नाही, जिवाचा आहे. जगात पाच वर्षांखालील जी बालके दगावतात त्यांपैकी जवळजवळ निम्मी पहिल्या महिन्यातच दगावतात. ह्या बाबतीत मोठे काम आमच्या विदर्भातच झाले आहे. वर्ध्यास जन्मलेले डॉ. अभय बंग व त्यांच्या पत्नी डॉ. राणी बंग ह्यांनी गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' ही संस्था चालविली. तेथील ३९ खेड्यांत गावच्याच स्त्रियांना शिकवून त्यांनी घरोघरी नवजात बालकांची देखभाल करविली: ऊब, स्तनपान, वजन, श्वासाची मोजणी, वेळीच औषध. त्या खेड्यांत जन्मणाऱ्या दर हजार बालकांमागे पहिल्या महिन्यात ६२ दगावत, ती संख्या १९९७-९८ पर्यंत सुमारे २५ वर आली. १९९९ साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात हा वृत्तांत प्रसिद्ध झाला. २०११ पासून भारत सरकारने हीच पद्धती देशभर अंगीकारली. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशा कार्यकर्ती ३, ७, १४, २१, २८ व ४२ ह्या दिवशी येते. सुशिक्षित घरांतून तिला 'आमच्याकडे सर्व ठीक आहे' असे म्हणून दारातूनच परत पाठविण्याची रीत आढळते. ती शोभणारी नाही. तिला आत बोलवावे, बाळ दाखवावे, वही दाखवावी.

आणि काही खुणा घरातील प्रत्येकास पाठ असाव्या. बाळ प्यावयाचे सोडते, मलूल पडते, झटके येतात, एका मिनिटात साठ किंवा अधिक श्वास घेते, छाती आत ओढली जाते, अंग तापते किंवा थंड पडते, तळहात-तळपाय पिवळे दिसतात, अथवा नाळेभोवती लाली व पू दिसतो. ह्यांपैकी एकही खूण दिसली तर रात्र असो की सण असो, थांबू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी, बाळास छातीशी धरून ऊब द्यावी व रुग्णालय गाठावे. येथे मात्र घड्याळाचा काटा अवश्य पाहावा; एकेक घटका मोलाची असते.

शेवटी वळणाच्या प्रश्नाकडे येतो. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यास जी शिक्षणपरिषद भरली तिच्यातून नयी तालीम निघाली, हे सर्वश्रुत आहे. पुढे गांधीजींनी त्या शिक्षणाची मर्यादा वाढवून ते गर्भावस्थेपासून मृत्यूपर्यंत चालते असे प्रतिपादिले. आयुष्यभर मुलांना शिकविण्यात गेलेल्या माणसास ह्या विचाराची सत्यता पटते. परंतु पहिला धडा कोणता, हे नीट समजून घेतले पाहिजे. तो शिस्तीचा धडा नव्हे. रडलो म्हणजे कोणी तरी येते, भूक लागली म्हणजे मिळते, अंधारातही ओळखीचा हात असतो, हा पहिला धडा होय. ज्या मुलाचा हा धडा पक्का होतो, त्यास पुढे शिस्त लावणे सोपे जाते. तीन महिन्यांनंतर त्याची झोप आपोआप लांबते, दुधाच्या वेळा ठरू लागतात, आणि आपण ठेवलेला क्रम ते हळूहळू उचलते. ह्या वळणाची सुरुवात पाळण्यात नव्हे, पाळण्याभोवतीच्या माणसांत व्हावयाची असते. ज्या घरातील मोठी माणसे बाळासाठी आपल्या झोपेची, बोलण्याची व कामाची वाटणी आनंदाने बदलतात, त्या घरात बाळाची दिनचर्या लागली म्हणून समजावे.